ओव्हनमधला धान

कोंढा गावच्या डोमाजींना वाया जाणारी उष्णता बघवत नाही. चूल विझली की ते राखेत वांगं पुरतात. शेजारचा ट्रॅक्टर शेतातून परतला की त्याच्या गरम बॉनेटवर स्वतःचे ओले मोजे पसरतात आणि ट्रॅक्टरवाल्याकडेच चहा मागतात. अशा माणसाच्या घरात बायकोने विजेचा ओव्हन आणावा, यात चूक कोणाची, हे गावाने अजून ठरवलेलं नाही.

रत्नमालाबाई केक करतात. लेक प्रतिक्षाने मोबाइलवर दाखवलं, त्यांनी करून पाहिलं, आणि आता गावातला कुठलाही वाढदिवस त्यांना विचारल्याशिवाय येत नाही. यंदा पहिल्यांदाच बाहेरगावची ऑर्डर आली होती. आसगावच्या सुलोचनाबाईंची पंच्याहत्तरी, रविवारी, दोन मजली केक. सुलोचनाबाईंच्या चार सुना चार गावच्या. केक जमला तर चार गावांत नाव. बिघडला तरी चार गावांतच.

नेमकं त्या आठवड्यात आभाळ भरून राहिलं आणि डोमाजींचा धान ओला म्हणून खरेदी केंद्रावरून परत आला. शुक्रवारी रत्नमालाबाई मैदा आणि अंडी आणायला पवनीला गेल्या. घरात डोमाजी आणि पोती उरली. बराच वेळ ते पोत्यांकडे बघत बसले. मग त्यांनी ओव्हनकडे बघितलं.

पहिला ट्रे मंद आचेवर झकास वाळला. तो डब्यात काढून डोमाजींनी अंदाज घेतला. या वेगाने सगळा धान वाळेपर्यंत पुढच्या पावसाळ्यातली रोवणी येणार होती. म्हणून त्यांनी दुसरा ट्रे शिगोशीग भरला आणि बटण फिरेल तेवढं फिरवलं. थोड्या वेळाने आत तडतड सुरू झाली. लाह्या फुटल्या, तापलेल्या रॉडवर पडल्या, धूर निघाला, एक ठिणगी उडाली आणि रॉड मधोमध तुटला.

रत्नमालाबाईंनी परत आल्यावर ओव्हनचं दार उघडलं.

"हे काय हाये?"

"लाह्या."

"केक कशात करू आता मी?"

"लाह्या चांगल्या झाल्या पण," डोमाजी म्हणाले.

शनिवारी सकाळी पवनीचा मेकॅनिक वीरेंद्र आला. त्याने रॉड काढून डोमाजींच्या हातात दिला.

"नव्या रॉडचे सहाशे, बसवाचे दोनशे, काकाजी."

"एवढ्याशा दांडीले सहाशे? आमच्या चुलीले कधी रॉड लागला नाही."

"मंग चुलीवरच करा केक."

घरातले पैसे मैद्या-अंड्यांत गेले होते आणि डोमाजींचे पैसे अजून पोत्यांत होते. "धान घेऊन जा," ते म्हणाले.

वीरेंद्रही शेतकऱ्याच्याच घरचा. त्याने पोत्यातला दाणा काढला, सोलला आणि दाताखाली धरला. इकडे चावल्याशिवाय कोणी धान घेत नाही. वाळलेला दाणा कट्ट बोलतो. हा काहीच बोलला नाही.

"ओला हाये, काकाजी."

डोमाजींनी पहिल्या ट्रेचा डबा आणला. वीरेंद्रने त्यातला दाणा चावला. कट्ट.

"हा चालन. असा पोतंभर, एक कट्टा द्या."

"डबाभरच हाये."

"मंग बाकीचाबी असाच वाळवा ना."

"वाळवला असता," डोमाजी म्हणाले, "पण रॉड तुटला."

वीरेंद्रने रत्नमालाबाईंकडे बघितलं. त्या कपाळाला हात लावून उभ्या होत्या.

"भाऊ, रॉड बसवा," त्या म्हणाल्या. "केकचे पैसे आले का सोमवारी तुमचे देते. अन् ऊन पडलं का यायच्याकडून एक कट्टा मी घेईन. दाताखाली धरून."

रविवारी दुपारी केक निघाला. दोन्ही मजले सरळ उभे होते. प्रतिक्षा ऑटोत केकचा डबा मांडीवर घेऊन बसली. डोमाजींनी ओव्हनवर तळहात ठेवला.

"प्रतिक्षाची माय, अजून गरम हाये."

"धानाचा एक दाणा आत गेला नाही पायजे," रत्नमालाबाई ऑटोतून म्हणाल्या.

संध्याकाळी त्या परत आल्या. चारही सुनांनी नंबर घेतला होता. धाकटीने तर तेरा तारखेचा केक सांगूनही टाकला होता. डोमाजींनी सगळं मन लावून ऐकलं. ते ओव्हनला पाठ लावून बसले होते आणि उठायचं नाव घेत नव्हते.

"बाजूले व्हा," रत्नमालाबाई म्हणाल्या आणि त्यांनी दार उघडलं.

आत धानाचा एकही दाणा नव्हता. मोजे होते.