इवायाले देल्लेला खर्रा

मले वाचता येत नाही. मोबाईलवर कोनाचा फोन आला ते मी फोटो पाहून ओरखतो. बायकोच्या नंबरवर मी म्हैसीचा फोटो लावलो होतो. तिनं तो पायला, तवापासून मोबाईल तिच्याच जवर असते. तं अशा मानसानं छापील पुडीच्या भानगडीत कायले पडावं?

धान निघायच्या दिवसात मी दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो. त्या साली बाहेरून हार्वेस्टर आला होता. त्याच्या ड्रायवरनं मले एक चमकदार पुडी देल्ली. वर घोड्याचा फोटो, खाली इंग्रजी. आत मिठावानी पांढरी भुकटी. म्हने, "दारू नहीं, गांजा नहीं चाचा. नई चीज है. कानून को भी इसका नाम नहीं मालूम." मले वाटलं, ज्याचं नाव पोलिसाले मालूम नाही ते चांगलंच असन. एवढी माझी अक्कल.

चिमूटभर खाल्लो तं दोन दिवस झोप नाही, भूक नाही. आपला गोठा झाडलो, मंग शेजाऱ्याचाही झाडून देल्लो. बायको शेजारनीले म्हने, मानूस सुधरला वो. तिसऱ्या दिवशी छाती अशी धडधडे का वाटे, खाटेचे पाय वाजून राहिले. दात आपोआप कराकरा. भितीवर मुंग्याच मुंग्या. मी खराटा घेऊन झाडत होतो अन् भितीवर काहीच नव्हतं. लगीत भेव लागला. पन भेव लागला हे सांगाचं तं काय खाल्लो तेही सांगा लागते. 

तवाच पुडी चुलीत टाकलो असतो तं बरं झालं असतं. मी राखून ठेवलो.

मंग पोरीचं साक्षगंध आलं. पाहुने यायचे म्हनून मी तीन दिवस धावून राहिलो होतो, अंगात जीव नव्हता. म्हनलो, जरासं खाईन, पाहुन्याईसमोर हुशार दिसीन. बायको माझे खिसे तपासते, पन खर्र्याले हात लावत नाही. म्हनून सुपारी, तमाखू, चुन्यासंग पुडीतली उरलेली सारी भुकटी पन्नीत घोटलो. रिकामी पुडी कमरेले खोसलो.

आमच्याकडं कोनी खर्रा मागतला तं नाही म्हनत नाहीत. भांडन असलं तरी देतात. अन् आत काय आहे ते कोनी इचारत नाही. मी पन्नी सोडून बसलो, अजून तोंडात टाकलो नव्हतो, तं इवाई बाजूले येऊन बसले. इवाई म्हंजे पोरीचा होनारा सासरा, नागऱ्याकडचा सभ्य मानूस. हात पुढं केला अन् म्हनले, "काढा जी इवाई, तुमच्या देवरीकडचा खर्रा पाहू."

संपला म्हनाचं, तं पन्नी हातातच. मी देल्लो. त्याईनं अर्धा खर्रा तोंडात टाकला. ते हासले, मीही हासलो. बाकीचा माझ्यानं खाल्लाच गेला नाही.

अर्ध्या घंट्यात इवाई मोठमोठ्यानं बोलू लागले. मंग थंडीत घाम. कोट काढला, सदरा काढला. डोरे मोठे झाले, जबडा सारखा हालून राहिला. लोकाईले वाटलं खर्राच चघरत आहेत. मले मालूम होतं. मंग ते भितीले पाठ लावून म्हनू लागले का मांगं कोनी तरी उभं आहे. कोनी म्हने गॅस झाला, सोडा पाजा. कोनी म्हने बाहेरचं लागलं, पुजाऱ्याले आना. त्याईची बायको पदरानं वारा घालत होती, तिचा हात थांबतच नव्हता.

मी घरात पलालो. पोरगी नवं लुगडं घालून बसली होती. तिच्या हातात पुडी देल्लो अन् म्हनलो, वाच.

तिनं वाचलं. "बाबा, याच्यावर लिवलं आहे, मानसानं खाऊ नये."

मी सारं सांगतलो. सांगतलो का आता सोयरीक मोडते.

"मोडू द्या. ते मेले तं काय कराचं? जा, सांगा."

बाहेर येऊन मी हात जोडलो. म्हनलो, "पुजारी नको. माझ्या खर्र्यात जहर होतं. मीच टाकलो."

लोक हासले.

खरंच हासले. जिनगानीभर मस्करी करनारा मानूस मी. एकदा मरायचं सोंग केलो होतो तं रडनारे जमा झाले होते. आता कोन खरं मानन? पोरीचा मामा म्हने, गप बस बे, मस्करी कराची येर तं पाय. 

मंग पोरगी बाहेर आली. बोलवल्याबिगर नवरीनं येऊ नये, तरी आली. पुडी सीधी नवरदेवाच्या हातात देल्ली. त्यानं वाचली अन् गाडी काढाले धावला.

देवरीच्या दवाखान्यात डॉक्टर इचारे, यात काय आहे? कोनाले मालूम नव्हतं. डॉक्टरले भी नाही. तो म्हने, हे बनवनारे दर खेपेले मसाला बदलतात, कायद्यात सापडू नये म्हनून. घोडा तोच, आतलं अलग. याचा उतारा नाही. झोपेचं इंजेक्शन, सलाईन, अंगावर ओला कपडा, अन् वाट पाहाची. एकाच चिमटीनं एक मानूस गोठा झाडते, दुसऱ्याचं काळीज बंद पडते.

मी वऱ्हांड्यात बसलो. त्याईच्या घरचं कोनी माझ्यासंग बोललं नाही, पन कोनी हाकललंही नाही, ते जास्त वाईट. जाळीतून इवायाची छाती दिसे. खाली गेली का वर येतवरी माझा दम अटके. दोन दिवस असंच.

तिसऱ्या दिवशी त्याईनं मले आत बोलावलं. ओठ फाटले होते, आवाज बारीक.

"पोरगी आमाले पायजे," म्हनले. "तुमचा खर्रा नको."

लगन झालं. लगनात पानसुपारीच्या ताटाजवर बायकोनं मले फिरकू नाही देल्लं.

आता मी खर्रा सोडलो. या साली धानाच्या बांधीवर गावातल्याच एका जुन्या दोस्तानं पन्नी पुढं केली, घे म्हने. मी हात जोडून मांगं सरलो, अजून सरलो, अन् धपकन पाटात पडलो. कमरेवरी चिखल. सारे हासले, मीही हासलो. त्याच्यात सुपारी-तमाखूच असन. पन मी चिखलात बसूनच पाहत होतो, ती पन्नी आता कोनाच्या हातात जाते.