रविवारचं रीडिंग

न मोजता कुठलीही गोष्ट मान्य करणं माझ्या साडूंना जन्मात जमलेलं नाही. मुलगी बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी ठेवलेल्या टेबलाचा एक पाय आखूड असल्याचं त्यांनी सासऱ्यांना सांगितलं आणि मुलगी पसंत आहे हे सांगायचं विसरून निघून गेले. ते सांगायला दुसऱ्या दिवशी आले, आणि येताना त्या पायाखाली घालायला लाकडाची एक चकती बरोब्बर कापून घेऊन आले. सासरे म्हणाले, माणूस वेडा आहे, पण टेबल हलायचं थांबलं.

सातपूरच्या एका कारखान्यात ते तपासणी विभागात होते. दिवसभर सुट्या भागांची मापं घ्यायची आणि संध्याकाळी घरी येऊन घराची. इतरांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला जाडी मोजायचं व्हर्नियर. भाकरी एका कडेने जाड झाली की ते जेवता जेवता तिची जाडी मोजून मेव्हणीला दाखवत आणि वर म्हणत, "तक्रार नाही हं, फक्त कळवतोय." एकदा कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये किती वेळ जातो ते बघायला त्यांनी मेव्हणीच्या हातात घड्याळ दिलं. ती दिवाणावर पडून मासिक वाचत होती. दर शिट्टीला तिने बिनदिक्कत एकच आकडा सांगितला. साडू हसतच स्वयंपाकघरातून बाहेर आले. "अगं, खरं रीडिंग थोडं तरी हलतं. दर वेळी तेच आलं म्हणजे मोजणाऱ्याने मोजलंच नाही." मेव्हणी म्हणाली, "मग उद्यापासून शिट्ट्या मोजा आणि वरणही तुम्हीच करा." त्यांनी खरोखर केलं. वरण बरं झालं होतं, पण जेवायला चार वाजले.

अशा माणसाच्या घरात लॅपटॉप आला. मनूचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. दुकानातला सगळ्यात स्वस्त लॅपटॉप त्यांनी घेतला. तेव्हा नव्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये दोन कोर यायला लागले होते. यात एकच होता. मनू हिरमुसली. साडूंनी तिला समजावलं, "दोन कोर म्हणजे कामावर दोन माणसं. एकजण राबतो, दुसरा बाहेर विडी ओढत उभा. आपल्याला एकट्याची ताकद बघायची." मग कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून त्यांनी एक प्रोग्रॅम मिळवला. तो प्रोसेसरला गणितातल्या ‘पाय’ची (π) किंमत दशांशचिन्हापुढे लाखो अंकांपर्यंत काढायला लावी आणि त्याला किती सेकंद लागले ते शेवटी सांगे. सेकंद जितके कमी तितका प्रोसेसर तगडा.

तेव्हापासून त्यांच्या घरी रविवारची सकाळ म्हणजे बोर्डाची परीक्षा. इंटरनेटची वायर काढायची, बाकी सगळे प्रोग्रॅम बंद करायचे, लॅपटॉप थंडगार फरशीवर ठेवायचा. वास्तविक आमच्या बोलण्याने प्रोसेसरला काय होणार? पण साडू तोंडावर बोट ठेवून उभे. मी एकदा शिंकलो तर त्यांनी चाचणी पुन्हा घेतली. बापलेकीचं एरवी फारसं बोलणं नव्हतं. बाप घुमा, लेक हट्टी. पण रविवारी आकडा आला की दोघं शेजारी बसून, तो का वाढला, का कमी झाला, यावर तासभर वाद घालायची. मेव्हणी मला म्हणायची, "भांडतायत तोवर बरं चाललंय."

मनूला पुण्यात नोकरी लागली. दिवाळीनंतर हजर व्हायचं होतं. साडूंनी पेढे वाटले, पण तिचं जाणं त्यांना सोसत नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. लॅपटॉप तिच्याबरोबर जाणार होता. मात्र त्यांनी अट घातली, "माल तपासणीतून पास झाल्याशिवाय गेटबाहेर जाणार नाही."

मध्ये दसरा आला. कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, तशी त्यांनी लॅपटॉपची केली. पाटावर झेंडूच्या पाकळ्यांची गादी, तिच्यावर लॅपटॉप, वर हळदकुंकू, अक्षता. पूजलेलं यंत्र लगेच हलवायचं नाही, म्हणून त्यांनी त्या आठवड्याची चाचणी पाटावरच घेतली. आकडा भलताच वाढला. दुसऱ्यांदा त्याहून जास्त. साडूंनी निकाल देऊन टाकला, "प्रोसेसर थकला. नापास. परक्या गावात हा हिला दगा देणार. दुसरा घेऊ, तोवर जॉइनिंग पुढे ढकलता येतं का विचार."

मनू रडकुंडीला आली. "बाबा, तुम्हाला मी जायला नकोय, तर तसं सांगा ना! लॅपटॉपला कशाला नावं ठेवता?"

साडूंनी स्क्रूड्रायव्हर आणला आणि लॅपटॉप उलटा करून उघडला. आतला छोटा पंखा झेंडूच्या पाकळ्यांनी गच्च भरला होता आणि त्यावर हळदीचा थर. खालून हवा ओढताना पंख्याने अख्खी पूजा आत ओढली होती. हवा खेळेना, म्हणून प्रोसेसर तापून मंदावला होता. साडूंनी दाढीच्या ब्रशने एकेक पाकळी काढली, सायकलच्या पंपाने हवा मारली आणि पुन्हा चाचणी घेतली. आकडा जागेवर आला. ते हळूच म्हणाले, "पास." लेकीला अडवायचं निमित्त त्यांनी आपल्याच हातांनी साफ केलं होतं.

द्वारका चौकातल्या थांब्यावर आम्ही तिला पुण्याच्या गाडीत बसवलं. खिडकीशी उभं राहून साडू एवढंच बोलले, "दर रविवारी चाचणी घे. फोनवर रीडिंग कळव."

ती कळवत राहिली. काही वर्षांनी एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो असताना फोन आला. "किती?" साडूंनी विचारलं. तिने आकडा सांगितला, ते "वा!" म्हणाले, आणि मग दोघं पंख्यावर, पुण्याच्या उकाड्यावर, तिच्या जेवणावर बराच वेळ बोलली. फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "कमाल आहे, अजून तेवढाच तगडा!"

"साडूभाऊ, वर्ष होऊन गेलं, आकडा तसूभर हललेला नाही," ते मंद हसत म्हणाले. "तो लॅपटॉप तिने कधीच मोडीत काढला असणार."

"मग तिला विचारत का नाही?"

त्यांनी खिशातलं व्हर्नियर काढलं, उगाच उघडलं, मिटलं.

"विचारलं, तर पुढच्या रविवारी ती काय सांगायला फोन करील?"

मेव्हणीने चहा आणून ठेवला. साडूंनी कप उचलला आणि पुढचा रविवार किती तारखेला येतो ते कॅलेंडरवर बघत बसले.