इथेच खरी गोम आहे

पुस्तकात बोट अडकवून ते मिटायचं, चष्मा कपाळावर चढवायचा आणि म्हणायचं, "मास्तर, इथेच खरी गोम आहे." शनिवारी संध्याकाळी हे ठरलेलं. आत माझी बायको तांदूळ निवडत असायची. ती तिथूनच विचारायची, "आज किती गोमा निघाल्या? केरसुणी देऊ का?" यावर सगळ्यात मोठ्यानं आमचे शेजारीच हसत.

पोलादपुरात आमच्या शेजारच्या खोलीत हे गृहस्थ राहायचे. मिशनचे उपदेशक. लोक त्यांना पाद्रीबुवा म्हणत. "अहो, मी पाद्री नाही, नुसता सांगणारा," असं ते दहा वेळा सांगत आणि अकराव्या वेळी नाद सोडत. मी शाळामास्तर, त्यांच्या धर्माचा नव्हे, म्हणूनच त्यांना उपयोगाचा. बाजारात सांगायचा बायबलातला उतारा ते आदल्या संध्याकाळी माझ्यावर चालवून बघायचे. मीही काही कमी नव्हतो, जिथे तिथे पाय आडवा घालायचा.

देशावरचा माणूस, त्याला आमची भातशेती काय ठाऊक? एकदा त्यांनी पेरणाऱ्याचा दाखला सांगितला. काही बी वाटेवर पडलं, काही खडकावर. आमच्याकडे पालापाचोळा जाळून राब भाजायचा, त्यात रोप वाढवायचं, मग लावणी. एक म्हातारा उठून म्हणाला, "वाटंवर बियाना टाकतोय तो शेतकरी कसला? त्याला पयला घरी बसवा." बाजार खो खो हसला. पुढच्या खेपेला त्यांनी पेरणाऱ्याच्या खांद्यावर फाटकं पोतं दिलं, बी वाटेत सांडलं म्हणून. नेमके महाडहून मिशनचे साहेब आलेले. त्यांनी विचारलं, "हे पोतं शास्त्रात कुठे आहे?"

"शास्त्रात नाही, साहेब. पोलादपुरात आहे."

इतक्या वर्षांत एक माणूस त्यांच्या धर्मात गेला नाही. पण गोष्ट ऐकायला बाजारातल्या चिंचेखाली गर्दी व्हायची, आणि त्यांचं तेवढ्यावर भागायचं.

त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट एका मुलीची. बाप येशूला बोलवायला जातो, तोवर मुलगी मरते. येशू घरी येतो, रडणाऱ्यांना म्हणतो, रडता कशाला, ती झोपली आहे. सगळ्यांना बाहेर काढतो, मुलीचा हात धरतो, ऊठ म्हणतो. ती उठते. मग तो म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या. इथे आमच्या शेजाऱ्यांचा आवाज भरून यायचा. "एवढा मोठा चमत्कार केला, मास्तर, आणि लक्षात काय राहिलं? की पोर भुकेली असेल. इथेच गोम आहे."

भाद्रपदात एका सकाळी कापडे गावाहून एक माणूस धापा टाकत आला. "पाद्रीबुवा, चला. वैनीनं बोलवलाय. पोर तापानं पडलेली."

"आता कशी आहे?"

तो खाली बघत म्हणाला, "वैनी बोलते, झोपलीय."

ही बाई दर बाजारी चिंचेखाली पुढे बसायची. नवरा मुंबईला गिरणीत, पदरात एवढी एकच मुलगी. हिवतापच असणार म्हणून मी कोयनेलच्या पुड्या खिशात टाकल्या आणि बरोबर निघालो.

अंगणात बायका बसल्या होत्या, तोंडात पदर कोंबून. एक म्हातारी माझ्या कानाशी आली. "पहाटंच गेली, मास्तर. पन ती आमाला रडू देत नाय. सगल्यांना भायेर काढलान."

आत पोर गोधडीत होती. चुलीवर पेज होती. बाईचे डोळे कोरडे.

"तुमी सांगितलात तसाच केलाय," ती म्हणाली. "कुनाला रडू दिला नाय. पेज पन ठेवलीय. आता तिचा हात धरा नि सांगा."

"बाई, मी तो नव्हे. मी नुसता सांगणारा."

"मंग सांगा ना."

ते खाली बसले. पोरीचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मुली, ऊठ." बाजारात घुमणारा तो आवाज, पण त्या खोलीत मला जेमतेम ऐकू आला. मी त्या धर्माचा नव्हे, कुठल्याच देवापुढे फारसा हात न जोडणारा. पण मीसुद्धा मनातल्या मनात म्हणत होतो, ऊठ गं बाई, ऊठ.

"अजून एकदा," आई म्हणाली. "तिची झोप जड हाय."

ते पुन्हा म्हणाले. मग तो एवढा थोराड माणूस हुंदके देऊन रडू लागला.

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. गोष्टीतला हात धरणारा रडत नाही, हे तिला ठाऊक होतं. ती उठली, पेजेचं मडकं चुलीवरून उतरवलं, दार उघडलं आणि बायकांना म्हणाली, "या गो."

येताना वाटेत ते एकदाच बोलले. "मास्तर, मी तिला खोटं सांगितलं का हो?" इतकी वर्षं त्यांच्या प्रत्येक वाक्याला फाटे फोडणारा मी, त्या दिवशी खिशातल्या कोयनेलच्या पुड्या चाचपत चालत राहिलो.

दोन बाजार ते खोलीतून बाहेर पडले नाहीत. तिसऱ्या बाजारी चिंचेखाली उभे राहिले, तर बाई पुढेच बसलेली.

"तीच सांगा," ती म्हणाली.

"आज दुसरी सांगतो, बाई."

"नको. त्या बापाची तरी उठली ना? तीच ऐकायचीय."

त्यांनी सुरुवात केली. बाप निघाला, येशूला घेऊन घरी आला, रडणारे बाहेर गेले. तिथे ते थांबले. बाजार वाट बघत राहिला. त्यांनी पुस्तक मिटलं, लोकांना हात जोडले आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले. चार दिवसांत शेजारच्या खोलीला कुलूप लागलं. कोणी म्हणे घाटावर गेले, कोणी म्हणे काम सोडलं. मी महाडला साहेबांकडे चौकशी केली, तर त्यांनाही पत्ता नव्हता.

बाई मात्र येत राहिली. काकड्यांची पाटी संपली की चिंचेखाली बसायची. एकदा मला तिथून जाताना बघून तिनं हाक मारली.

"मास्तर, पाद्रीबुवा कवा येतील? गोष्टीतली पोर उठायची ऱ्हायलीय."

पुढची गोष्ट मला तोंडपाठ होती. मी तिच्याजवळ बसलोसुद्धा.

"येतील," मी म्हणालो.