टेपचं दुसरं टोक

ताडपत्री शिवणाऱ्या त्या बाईला सगळं बंदर दाभणबाई म्हणतं. तोंडावर म्हणतं, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. दिवसभर ती हाताने दाभण चालवते आणि जीभही त्याच जातीची. नवरा होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. तो गेल्यावर लोकांनी तिला सल्ले पोतंभर दिले, काम कुणी दिलं नाही. मग तिने गोदामाला लागून असलेली पत्र्याची खोली धरली, तळहाताला चामड्याची पट्टी बांधली आणि ताडपत्री शिवायला बसली. आज बंदरातल्या निम्म्या होड्या तिच्या हातचं पांघरूण घेऊन झोपतात.

तिच्या धंद्यात एक नियम आहे. माप घेताना टेपचं एक टोक ती धरते, दुसरं गिऱ्हाइकाने धरायचं. नोकराने नाही, मेव्हण्याने नाही, खुद्द गिऱ्हाइकाने. सुरुवातीला एका होडीवाल्याने 'मी असं सांगितलंच नव्हतं' म्हणून तयार माल तिच्या अंगावर टाकला होता, तेव्हापासून हे सुरू झालं. टोक धरलं की काम ठरलं. कुणी शब्द फिरवायला लागला तर शेजारचेच विचारतात, "टोक कोण धरून होतं रे?"

तिची पोरगी त्या टेपच्या मागेपुढे धावतच वाढली. बंदराच्या तोंडाशी गाळ काढायचं यंत्र दर वर्षी यायचं, धडधडायचं, जायचं, आणि पुढच्या वर्षी गाळ पुन्हा तिथेच. "आई, हा गाळ येतो कुठून?" तिने एकदा विचारलं. आई म्हणाली, "ठेकेदाराला विचार." पोरीने खरंच जाऊन विचारलं. ठेकेदार हसला, तिच्या हातावर एक गोळी ठेवली आणि गाल ओढला. पोरीने गोळी पाण्यात फेकली. प्रश्न तेवढा ठेवून घेतला.

शाळा संपल्यावर तिने घरात सांगून टाकलं, पृथ्वी आणि सागर विज्ञानाची पदवी घेणार.

मामाला हसू आवरेना. "माती आणि पाणी शिकायला कॉलेज कशाला? एक कुंडी आण आणि नळ सोड."

"दादा," दाभणबाई म्हणाली, "जन्मभर तू विम्याचे हप्ते गोळा केलेस, विमा म्हणजे काय ते तुला अजून सांगता येत नाही. तिला निदान कुंडीत काय आहे ते तरी कळेल."

प्रवेशाच्या दिवशी मायलेकी कॉलेजात गेल्या त्या काही भांडायला नव्हे. दाभण दुकानात ठेवून आली होती बाई. टेप मात्र पिशवीतच असते, ती कुठे काढून ठेवणार.

विभागप्रमुख फार गोड माणूस. गुण पाहून त्याने पोरीचं कौतुक केलं, दोघींना खुर्च्या दिल्या. मग म्हणाला, "शेवटच्या वर्षी आमच्या बोटीवर मुक्काम असतो, समुद्राच्या तळाचे नमुने काढायला. मुलींसाठी आपण किनाऱ्याचा पर्याय ठेवलाय. तोच घ्या."

"म्हणजे काय करायचं?"

"मुलं नमुने आणतात. मुली इथे प्रयोगशाळेत ते धुतात, चाळतात, वाळवतात. पदवी मिळतेच. फक्त प्रमाणपत्रावर सागर हा शब्द येत नाही."

"म्हणजे मुलांनी चिखल आणायचा आणि मुलींनी धुवायचा," दाभणबाई म्हणाली. "त्यासाठी कॉलेज कशाला हवं? ते घरोघरी चालूच आहे."

मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

"अहो ताई, बोटीवर सोय नाही. झोपायची खोली एकच, आडोसा नाही. मुलींच्या काळजीपोटीच आपण..."

काळजी. या शब्दाइतकं मऊ कुलूप दुसरं नाही, दाभणबाईच्या मनात आलं. बोट बांधताना मुलींची आठवण झाली नाही ती तुम्हाला. विसरलात तुम्ही, आणि शिक्षा म्हणून किनाऱ्यावर बसायचं त्यांनी. वर त्याला पर्याय म्हणायचं, आणि पोरींनी मान खाली घालून आभार मानायचे.

तेवढ्यात पोरगीच हळूच म्हणाली, "आई, जाऊ दे. मी किनारा घेते. भांडून आत आले तर पुढची सगळी वर्षं यांच्यासमोरच बसायचंय मला."

दाभणबाईला साहेबाच्या बोलण्याने लागलं नव्हतं तेवढं या बोलण्याने लागलं. तिने लेकीकडे पाहिलं. "गोळी घेतलीस?"

पोरीचं तोंड लाल झालं.

"बोट कुठे आहे तुमची?" दाभणबाईने साहेबाला विचारलं.

"मागच्या धक्क्याला. पण आत्ता..."

"दाखवा. प्रवेश देताय, तर वर्ग बघायला नको?"

रांगेतले सगळे आईबाप कान टवकारून होते. साहेबाला उठावंच लागलं.

बोटीवरची झोपायची खोली म्हणजे दोन्ही बाजूंना फळ्यांवर फळ्या आणि मधून एक माणूस जाईल एवढी वाट. दाभणबाईने वर पाहिलं. छताखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडी नळ्या गेल्या होत्या.

"यात काय नाही म्हणालात?"

"आडोसा."

"म्हणजे कापड," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. तिला ओळखणारी माणसं अशा वेळी चार पावलं मागे सरतात. "इतकी वर्षं पोरींचा समुद्र एका पडद्यावाचून अडवून ठेवलात."

तिने टेप काढली. पोरीने हात पुढे केला.

"तू नको. साहेब धरतील. धरा हो, तिकडे भिंतीला लावून."

कुणी टेपचं टोक हातात दिलं की माणूस धरतोच. साहेबानेही धरलं. दारात बोट हाकणारा तांडेल उभा होता, दाभणबाईचं जुनं गिऱ्हाईक. तो दाढी खाजवत म्हणाला, "साहेब, टोक धरलंत तुम्ही. आता झालं."

"काय झालं?"

तांडेलाने नियम सांगितला. साहेब कसनुसा हसला. "वा. म्हणजे कॉलेजला पडदे भेट देताय. मोठं मन आहे तुमचं."

"भेट? पोरं झोपतात त्या गाद्या कुणाच्या आईने भेट दिल्यात? रीतसर काम द्या. मला नाही तर दुसऱ्या कुणाला द्या, मला त्याचं काही नाही. पण सोय नाही हे रडगाणं आजपासून बंद. आणि संडासाला कडी बसवा. ती पोरांनाही लागते."

"लागते खरी," तांडेल म्हणाला.

"मी समितीपुढे ठेवतो विषय," साहेब म्हणाला.

"ठेवा सर," आता पोरगी बोलली. "मी सागरच घेणार. शेवटच्या वर्षाला वेळ आहे, तोवर तुमच्या समितीचं होईल. आणि सर, आमच्या बंदराच्या तोंडाशी काढलेला गाळ परत येतो, तो कुठून येतो?"

साहेबाने पहिल्यांदाच आईवरून नजर काढून लेकीकडे पाहिलं.

"ते नीट कुणी पाहिलेलं नाही," तो म्हणाला.

"का?"

तिच्या हातावर ठेवायला साहेबाकडे गोळीही नव्हती. दाभणबाई टेप गुंडाळत त्याच्यापर्यंत आली तरी टोक त्याच्या मुठीतच होतं.

"सोडा आता," ती म्हणाली. "माप झालं."