दीना सिस्टरने वाटून दिलेला बंगला

दीना उजागरे एकतीस वर्षं आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. गावातल्या चाळिशीच्या आतल्या बहुतेकांना पहिली सुई तिनेच टोचली आहे, त्यामुळे भले भले गडी तिच्यासमोर उगाच दंड चोळत उभे राहतात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी कुणाच्या घरात शिरताना ती विचारत नाही. सरळ चुलीपर्यंत जाते, पातेल्यावरचं झाकण उचलते आणि मीठ कमी करायला सांगते. मी राधाकृष्ण, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, तिचा शाळेपासूनचा वर्गमित्र. तिच्या हाताखाली बिनपगारी राबणाऱ्यांत माझा नंबर पहिला. त्याबद्दल घरी माझी आरती होते, ती वेगळी.

पारनेरकडून येताना गावाच्या तोंडाशीच मडमेचा बंगला लागतो. सव्वाशे वर्षांपूर्वी मिशनच्या एका डॉक्टर मडमेने तो बांधला, तिथेच दवाखाना चालवला आणि तिथेच ती वारली. दगड-चुन्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, चारी बाजूंनी व्हरांडा. पुढे शहरातल्या एका ट्रस्टने तिच्या वस्तू दोन खोल्यांत मांडून त्याचं संग्रहालय केलं. किल्ली दीनाच्या वडिलांकडे, गिदोनबाबांकडे असायची. बाबा माणूस लाखातला, पण वस्तूला कुणी बोट लावलेलं त्यांना खपायचं नाही. आम्ही पोरं शाळेतून एकदा गेलो, हात मागे बांधून फिरलो आणि परत आलो. बाबा गेल्यावर किल्ली दीनाकडे आली. तोवर बंगल्यात पाली सोडून कुणी जात नव्हतं.

गेल्या मे महिन्यात ट्रस्टचं पत्र आलं. मागच्या बाजूचं छप्पर बसलं आहे, इमारत धोकादायक आहे, तेव्हा वस्तू नगरला हलवून दिवाळीनंतर बंगला पाडून टाकायचा. दीनाने ते पत्र माझ्या ओट्यावर बसून वाचून दाखवलं. तिची पणजी दुष्काळात आईबाप गमावलेली पोर. मडमेने तिला त्या बंगल्यात वाढवलं, अक्षर शिकवलं, बाळंतपणं करायला शिकवलं. तेव्हापासून त्यांच्या घरात पिढीला एक नर्स झालीच.

“राधाभाऊ, ते घर पडलं तर माझं माहेर पडलं,” ती म्हणाली. “मी नाही पडू देणार.”

दुरुस्तीसाठी वर्गणी काढायला तिने बंगल्याच्या व्हरांड्यात सभा बोलावली. अकरा माणसं आली, त्यात सात तिच्याच चर्चची. माजी सरपंच रंगनाथतात्या मात्र आले होते. त्यांनी वर बसलेल्या छपराकडे बघितलं आणि म्हणाले, “सिस्टर, राग मानू नका. पन बंगला मिशनचा, तुमच्या लोकांचा. गावाचा त्यात काय संबंध? तुमीच बघा काय ते.”

दीनाला ते फार लागलं. तात्यांच्या तिन्ही पोरांची बाळंतपणं तिने केली होती. माझ्या तर जिभेवर आलं होतं, पण तिने मला डोळ्याने गप्प बसवलं.

“बरं, वर्गणी राहू द्या,” ती म्हणाली. “पण आतल्या वस्तू भिजतील. पावसाळ्यापुरती एकेक वस्तू आपापल्या घरी ठेवाल का?”

वर्गणी मागितली की आमच्या गावाला शेतातली कामं आठवतात. जागा मागितली तर मात्र कुणी नाही म्हणत नाही. दोन दिवसांत मी आणि दीनाने हातगाड्यावरून चौसष्ट वस्तू चौसष्ट घरांत पोचवल्या. कुठे कंदील गेला, कुठे औषधाच्या बरण्या, कुठे पाळणा. रज्जाक गवंड्याच्या घरी औषधाचं पाणी उकळायचा तांब्याचा मोठा हंडा गेला. तात्यांची सून पोटुशी होती, म्हणून त्यांच्याकडे दीनाने तान्ही बाळं तोलायचा पितळी काटा ठेवला. आणि माझ्या नशिबी आली मडमेची दात उपटायची लोखंडी खुर्ची! ती बैठकीच्या खोलीत ठेवल्यापासून आमच्याकडे पाहुणा पाच मिनिटांच्या वर टिकत नव्हता.

जुलैत घोटाळा झाला. रज्जाकच्या बायकोने, हाजराबीने, दीनाला जेवायला बोलावलं आणि वाट दाखवायला मीही गेलो, म्हणजे बिर्याणीचा वास मला घरापर्यंत आला होता. अंगणात तो हंडा चुलीवर चढलेला. चिंच-मीठ लावून लखलखीत घासलेला, आतून ताजी कल्हई. शंभर वर्षांचा काळपट रंग गेला, काठाशी कोरलेली मडमेची अक्षरंही पुसट झाली. दीनाने चष्मा लावून ती अक्षरं शोधून पाहिली.

“भाभी, हे काय केलंत? ही संग्रहालयातली वस्तू आहे!”

“मंग? दुसऱ्याची चीज अशी काळीकुट्ट परत द्यायची?” हाजराबीलाच राग आला. “लोक काय म्हनतील? आन् सांगून ठेवते दीनाबाई, मी हंडा रिकामा बी देनार न्हाई. शेजारनीचं भांडं कुनी रिकामं परत देतं का?”

दीना जाऊन ताटावर बसली. तिने दोन ताटं बिर्याणी संपवली. मला वाटलं, दुःखाने जेवते आहे. घरी येताना रस्त्यात थांबली आणि म्हणाली, “राधाभाऊ, मी गावाकडे वर्गणी मागत बसले, हे माझं चुकलंच. आपल्याकडे घेतलेलं भांडं कुणी रिकामं परत देत नाही. आणि माझी चौसष्ट भांडी लोकांच्या घरात आहेत.”

दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर फिरत सुटली. बंगला उभा राहिला की वस्तू आणून द्या, एवढंच सांगायची. बायका आपणहून विचारायच्या, भरून काय देऊ? मग ही सांगायची, “भरून द्यायचं ते आधी द्या, वस्तू मागाहून आणा.” अशी उलटी रीत मी तरी कुठे पाहिली नव्हती. पण तिच्यापुढे रीतसुद्धा दंड चोळत उभी राहते.

ऑगस्टअखेर ट्रस्टचे साहेब टेम्पो घेऊन आले. बंगला रिकामा बघून चिडले. दीना शांतपणे म्हणाली, “वस्तू गावात आहेत, चला, मागून घेऊ.” पहिलं घर तात्यांचं. आत तात्या पंधरा दिवसांच्या नातवाला काट्यात ठेवून आकडा वाचत होते. काटा पौंडांचा आणि तात्यांचा हिशेब किलोचा, त्यामुळे बाळ रोज वेगळ्याच वजनाचं निघायचं.

“हा काटा ट्रस्टच्या मालकीचा आहे,” साहेब म्हणाले.

“बंगल्याचा हाय,” तात्या मान वर न करता म्हणाले. “बंगल्याकडनं आनलाय, बंगल्यालाच देनार. तुमी तर तो पाडायला निघालाय. मंग मी देऊ कुनाला?”

साहेब दुसऱ्या घरी गेले, तिसऱ्या घरी गेले. सगळीकडे चहा मिळाला, वस्तू मिळाली नाही. आमच्याकडे मी त्यांना खुर्चीत बसायचा आग्रह केला, तर उभ्यानेच निघाले. नऊ घरांनंतर ते दीनाला म्हणाले, “बाई, डिसेंबरपर्यंत छप्पर आणि भिंती करून दाखवा. इंजिनीअरने पास केलं तर पाडणार नाही, हे मी लेखी देतो.” तिने तिथेच कागद पुढे केला.

मग जे काम झालं ते मी जन्मात विसरणार नाही. रज्जाकला चुन्याचं काम त्याच्या आज्याने शिकवलेलं. मंदिरामागे पडलेलं, चुना मळायच्या जुन्या घाणीचं दगडी चाक त्याने ट्रॅक्टरला जुंपून चुना मळला, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घातलं. गूळ घराघरांतून आला. आपल्या घरांवर स्लॅब टाकताना उतरवलेली जुनी कौलं लोकांनी गोठ्यामागून काढून आणली. तात्यांनी एकट्याने सातशे दिली. खुर्चीत भरून काय द्यायचं हे आम्हा नवराबायकोला सुचेना, म्हणून मी आठ दिवस घाणीवर राबलो. पाठ गेली कामातून, पण बायको पहिल्यांदाच म्हणाली, “आता घरधनी शोभता.”

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात इंजिनीअरने बंगला पास केला. रविवारी वस्तू परत यायला लागल्या. द्यायचं ते सगळं आधीच देऊन झालं होतं, तरी रिकामं कुणी आणलं नाही. बरण्यांत बाजरी होती, कंदिलात झेंडूची फुलं. साहेब कपाटं लावून घेत होते. शेवटी तात्या आले. दोन्ही हातांत काटा, काट्याच्या तबकात दुपट्यावर पाय झाडणारा नातू, मागून सून.

“रिकामा कसा आनू?” तात्या म्हणाले.

साहेब पुढे झाले, कपाटाची काच उघडली आणि म्हणाले, काटा इथे ठेवा.

“न्हाई साहेब,” तात्या म्हणाले. “दर शनवारी पोराला इथंच आनून तोलायचं ठरलंय घरात. काटा भायेर ऱ्हाऊ द्या.”

दीनाने काटा टेबलावर ठेवायला लावला. चष्मा लावून वाकली, आकडा वाचला आणि मोठ्याने म्हणाली, “चौदा पौंड. छान आहे.” मग चष्मा काढून पदराने डोळे पुसायला लागली. शाळेपासून आजवर मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. सूनबाईने बाळ उचलून तिच्या कडेवर दिलं, तशी दीना रडतच तिला म्हणाली, “पुढची सुई कधी आहे, तारीख माहीत आहे ना?”