न पडलेला तारा

आमच्या मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, जन्मात एकही गोष्ट चौकशी केल्याशिवाय खरी मानली नाही. घाटनांदूरला त्यांचं किराणा दुकान. गावोगावी एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागू लागल्या तेव्हा त्यांनीही दुकानात बूथ घातला. लोक म्हणाले धंद्यासाठी. मला विचाराल तर निव्वळ चौकशीसाठी. एकदा परळीचा एक व्यापारी वारल्याची बातमी आली, तर काकांनी थेट त्याच्याच घरी फोन लावला आणि उचलला नेमका त्यानेच. "इचारलं ते बरं झालं बे," काका म्हणाले, "न्हाईतर आमी रडत आलो असतो."

त्या साली मावशीच्या पोटातली गाठ काढायची होती. सकाळी लातूरच्या दवाखान्यात निघायचं, आणि आदल्या दिवशी दिवेलागणीला आम्ही अंगणात बसलेलो असताना आग्नेयेकडून एक पेटता गोळा वर आला. तारा तुटतो तो पापणी लवेपर्यंत संपतो, हा संपेचना. मागे लांबलचक केशरी शेपूट, आवाज म्हणून नाही, अन् संथपणे सगळं आभाळ ओलांडून तो वायव्येला दिसेनासा झाला. माझे हात आपोआप जोडले गेले. मावशी मात्र पांढरीफटक पडली. "तारा तुटला. माझंच बोलावणं हाय. म्या न्हाई येत दवाखान्यात."

"तुटला म्हनतीस, पन पडला कुठं?" म्हणत काका बूथमध्ये शिरले. दिंद्रुडचा ओळखीचा आडत्या म्हणाला, "आमच्या डोक्यावरून गेला, उमापूरकडं पडला असंल." उमापूरचा दुकानदार म्हणाला, "इथं कुठं? गंगेपल्याड गेला." नदीपल्याडचे पाहुणे म्हणाले, "लई म्होरं गेला." काका बाहेर आले आणि आभाळाकडे बघत उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी श्रद्धा मी देवळातही पाहिली नव्हती. "पडला न्हाई गं," ते हळूच म्हणाले. "नुसता शिवला आन् वापस गेला. तू बी वापस येशील."

सकाळी मावशी निमूट जीपमध्ये बसली आणि आठ-दहा दिवसांनी बरी होऊन परत आली.

पुढे कित्येक वर्षांनी मी वाचलं, की असे दगड खरोखरच असतात. पृथ्वीच्या हवेला चाटून जातात, घडीभर पेटतात आणि पुन्हा अंतराळात निघून जातात. काका तोवर राहिले नव्हते. मी पुस्तक घेऊन मावशीकडे धावलो, पण तिने चष्मासुद्धा लावला नाही.

"मला कशाला दाखवतूस? त्यांनी तवाच इचारलं होतं की." मग तिने विचारलं, "असा गेलेला पुन्यांदा येतो का रे कवा?"

मी पानं उलटत राहिलो. तेवढं त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं.