शुक्रवारची दोन ताटं

माणूस मोठा झाला की गावात त्याचे किस्से आपोआप वाढतात. आमच्या धाकट्या फादरांना रोममध्ये कार्डिनलची लाल टोपी मिळाली, तसा अर्धा तालुका त्यांचा जिवलग निघाला. अणदूरचा एक जण तर सांगतो, "त्यांना पोहायला म्याच शिकवलं." फादर पाण्याला किती भीत, ते मला ठाऊक आहे. मी तेव्हा मिशनच्या शाळेत मास्तर होतो आणि त्यांचा दुभाषीही. म्हणून माझे किस्से थोडे आहेत, पण डोळ्यांनी पाहिलेले.

*

निजामाच्या राज्याची अखेरची वर्षं होती. पोपच्या वकिलातीत काम करता करता धाकट्या फादरांची तब्येत बिघडली, म्हणून त्यांना हवापालटासाठी आमच्याकडे पाठवलं होतं. म्हातारे फादर वर्षानुवर्षं इथलं मिशन सांभाळत होते. धाकट्याला भाषा यावी म्हणून ते त्याच्याशी मराठीतच बोलत, अडलेलं मी सांगत असे.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तिकडं काय करायचास?"

"भांडणारे देश एका टेबलाशी बसवायचो."

"बरं. आपल्या दोन म्हशी एका हौदावर पाणी पीत नाहीत. तिथून सुरुवात कर."

महिनाभर खटपट चालली. शेवटी मिशननं दुसरा हौद बांधला.

*

वकिलातीच्या माणसानं तोंडावर 'नाही' म्हणायचं नसतं म्हणे. एकदा एक शेतकरी ऐन पेरणीत मिशनचे बैल मागायला आला. धाकटे फादर गोड हसून म्हणाले, "बघू." मला वाटलं, आता हा माणूस रोज खेटे घालणार. पण तो निमूट उठला. फाटकापाशी मला म्हणाला, "मास्तर, ह्ये तर आपल्यातलेच निघाले की. बघू म्हणले म्हंजी न्हाय म्हणले."

*

गावातल्या दोन भावांचं विहिरीच्या पाळीवरून भांडण होतं. धाकट्या फादरांनी रात्र जागून सात कलमांचा करारनामा केला, दोघांचे अंगठे घेतले. दोन वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे ते भाऊ दुसऱ्या दिवशी जोडीनं मिशनमध्ये हजर!

"फादर, तुमचं चौथं कलम आमाला दोघांलाबी मान्य न्हाय."

फादरांचा चेहरा पडला. म्हातारे फादर मात्र खूश झाले. म्हणाले, "एकमत झालं ना? फाड आता तो कागद."

*

आता शेवटचा. हा सांगताना मला अजून हायसं वाटतं, कारण यात माझा थोरला भाऊ होता.

शांतवनदादा मिशनची बैलगाडी हाकायचा. दवाखान्याची औषधं घेऊन सोलापूरहून येताना तामलवाडीपाशी त्याला निजामाच्या शिपायांनी धरलं. दिवसच संशयाचे होते. टिंक्चरच्या बाटल्या म्हणजे बाँबचा मसाला, असं ठरवून त्याला कोठडीत टाकलं. तीन दिवस झाले. वहिनींनी अन्न सोडलं होतं. त्या दिवसांत आत गेलेला माणूस कसा बाहेर येईल, याचा भरवसा नव्हता. मी धाकट्या फादरांचे पाय धरले आणि आम्ही छकड्यातून ठाण्यावर गेलो.

ठाण्याचे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, जुम्म्याची नमाज आटोपून नुकतेच आले होते. माणूस मोठा अदबशीर. रोमची हवा विचारली, पोपची तब्येत विचारली. दादाचं नाव काढलं की मात्र एकच उत्तर, "ऊपर से हुक्म नहीं."

मग पाहुण्यांसाठी दस्तरखान अंथरला गेला. मटणाची बिर्याणी आली. धाकटे फादर हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

मला कारण माहीत होतं. आम्हा कॅथलिकांना शुक्रवारी मांस वर्ज्य. तेच सांगायला मी तोंड उघडलं, तर फादरांनी माझा गुडघा दाबला.

"खाना ठंडा हो रा है, फादरसाब. कुछ कमी है क्या?"

फादर मला म्हणाले, "सांग, खाण्यात काहीच कमी नाही."

मी सांगितलं. यात खोटं काहीच नव्हतं. पण दारात आलेला पाहुणा जेवत नाही म्हटल्यावर अमीनसाहेबांचा घास हातातच राहिला. त्यांनी ताटाकडे पाहिलं, कोठडीकडे पाहिलं आणि जमादाराला हाक मारली, "गाडीवाले को छोड़ो."

दादा बाहेर आला. दाढी वाढलेली, पण हातपाय धड. माझ्या जिवात जीव आला, डोळ्यांना धारा लागल्या.

अमीनसाहेबांनी ताट पुढे सरकवलं, "अब तो खाएंगे?"

आता नाही म्हणावं, तर दादा पुन्हा आत! फादरांनी छातीवर क्रुसाची खूण केली आणि ताट संपवलं. साहेबांनी खूश होऊन पुन्हा वाढलं. तेही संपलं.

परतताना दादा छकडा हाकत गाणं म्हणत होता. धाकटे फादर मिशनच्या अंगणात उतरले ते थेट ओसरीवरच्या म्हाताऱ्या फादरांपुढे जाऊन उभे राहिले. मी तिथंच बैल सोडत होतो. धाकट्यांनी सगळं सांगितलं आणि मान खाली घातली, "आज शुक्रवार होता. मला प्रायश्चित्त द्या."

म्हाताऱ्यांनी थोडा विचार केला.

"सुटले किती जण?"

"एक."

"आणि ताटं किती झाली?"

"दोन."

"मग एकाचंच घे."